नातेपुत्यात जीपचे फाउंडेशन बदलताना

पुण्याहून पंढरपूरला जाणारा रस्ता सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशी गावे मागे टाकीत धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरतो. तिथून पुढे लागणारे पहिले मोठे बाजाराचे गाव म्हणजे नातेपुते. तालुका माळशिरस. फलटण इथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी बरडचा मुक्काम उरकून नातेपुत्याला येते, एक रात्र राहते आणि दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरचे रिंगण करून माळशिरसकडे निघते. त्या एका दिवसात गावाची लोकसंख्या किती पटींनी वाढते याचा हिशोब करण्यात अर्थ नाही. गल्लीबोळ, शाळांची पटांगणे, दुकानांच्या फळ्या, सगळीकडे माणसेच माणसे.

एरवी हे गाव शांत असते. उत्तरेच्या अंगाला नीरा नदी आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी, म्हणून तिकडे ऊस. दक्षिणेला शंभू महादेवाच्या डोंगररांगा, म्हणून तिकडे ज्वारी-बाजरी आणि मेंढ्यांचे कळप. थंडीच्या दिवसांत गेलात तर रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांची रांग लागलेली दिसते. तोच रस्ता सोडून डोंगराकडे तोंड केले की तासाभरात पाण्याच्या टँकरची वाट पाहणारे गाव भेटते. पाणी आणि कोरडेपणा यांच्या सीमेवर वसलेले गाव, असे नातेपुत्याचे वर्णन करता येईल.

डोंगरावर शिखर शिंगणापूर. ते सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात मोडते, पण पायथ्याची वाट नातेपुते-कोथळे बाजूने चढते. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते. सासवडची मानाची कावड घेऊन लोक अवघड मुंगी घाट दोरासारखी साखळी करून चढतात. या डोंगरावर पाण्याचे दुर्भिक्ष होते म्हणून शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी शिंगणापुरात मोठा तलाव बांधला. अहमदनगरचे सूफी शाह शरीफ यांच्यावर मालोजींची श्रद्धा होती आणि त्यांच्या नावावरून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. डोंगरावर महादेव, नगरला पीर, आणि दोन्हींना मानणारा एक बाप. आपल्या मुलुखाची वीण अशी आहे.

वडापची जीप आणि एक विसरलेले नाव

या भागात जीप ही हौसेची वस्तू कधीच नव्हती. एसटी ज्या वाडीला दिवसातून दोनदा जाते, तिथे बाकीचा दिवस वडाप चालते. वडाप म्हणजे माणसे भरून फेऱ्या मारणारी जीप. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघे-तिघे, मागे समोरासमोर बाकांवर आठ-दहा, टपावर कोंबड्यांची टोपली. वडापसाठी बहुतेक लांब जीप वापरल्या जायच्या. पण कालव्याच्या कडेची चिकण माती, पावसाळ्यातला ऊस आणि डोंगरातली बैलगाडीची वाट यांसाठी शेतकऱ्यांना हवी असे ती चारही चाकांना ताकद देणारी आखूड जीप. आजही नातेपुते, माळशिरस, दहिवडी या पट्ट्यात अशा जुन्या एमएम ५४० जीप दिसतात. रंग उडालेला, ताडपत्री बदललेली, पण चढाला मान खाली न घालणाऱ्या.

या जीपच्या कुळाची एक गोष्ट आपल्या घरांतल्या मुलांना सांगावी अशी आहे. २ ऑक्टोबर १९४५ रोजी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी निघाली. तिचे नाव होते ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मुहम्मद, अलीगढला शिकलेले हिशोबतज्ज्ञ. दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ या काळात गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ साली कंपनीच्या पाटीवर दुसऱ्या ‘एम’चा अर्थ बदलला आणि ती ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. आद्याक्षरे मात्र तीच राहिली. पुढे मुंबईत माझगावला अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपची जुळणी सुरू झाली, हळूहळू सुटे भाग इथेच बनू लागले, इगतपुरीला इंजिनाचा कारखाना आला. नातेपुत्याच्या वडापमध्ये बसणाऱ्या आजीला यातले काही ठाऊक नसते, आणि त्यावाचून तिचे अडतही नाही.

मामूंची जीप

आमच्या मामूंचे शेत नातेपुत्यापासून थोड्या अंतरावर, कालव्याच्या खालच्या अंगाला आहे. त्यांच्याकडे अशीच एक डिझेलवर चालणारी एमएम ५४०. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. मामूंनी ती नुकतीच करून घेतली होती. आणि नेमकी त्यानंतर जीप बिघडली.

बिघडली म्हणजे बंद पडली नाही. उभी असताना ती इतकी थरथरू लागली की डॅशबोर्डवर ठेवलेली काडेपेटी चालत चालत खाली पडे. गाडी चालू करताना आणि बंद करताना पुढून ‘धप्प’ असा आवाज येई. पहिल्या गिअरमध्ये चढ घेताना गिअरचा दांडा आपोआप एका बाजूला झुकायचा. दूरच्या एका गॅरेजमध्ये मामूंना सांगण्यात आले की इंजिन उतरवून पूर्ण उघडावे लागेल. जो आकडा सांगितला गेला तो उसाच्या बिलातला मोठा तुकडा होता. त्याच आठवड्यात एक भंगारवाला दारात येऊन वजनाने भाव सांगून गेला. आणि महिनाभरात दहिवडीच्या बाजूला घरातले लग्न होते. शिंगणापूरचा घाट चढून जायचे, बरोबर गुडघ्याने त्रस्त झालेल्या मामी आणि लहान मुले. मामूंसमोर प्रश्न जीपच्या दुरुस्तीचा तर होताच, पण तिच्यावर आणखी भरवसा ठेवायचा की नाही, हा त्याहून मोठा होता.

शेवटी ते नातेपुत्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. मी तेव्हा पाहुणा म्हणून आलो होतो, सोबत गेलो. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढे लिंबाचे झाड, तेलाने काळी झालेली जमीन. मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. हाताखाली एक धनगराचा पोरगा, डोंगरातल्या वाडीवरचा. वारीच्या दिवसांत हे गॅरेज रात्रभर उघडे असते, कारण दिंड्यांचे ट्रक आणि पाण्याचे टँकर इथेच दुरुस्तीला येतात. “त्या दोन दिवसांत मजुरीचं बोलायचं नसतं,” एवढेच चाचा त्याबद्दल म्हणाले आणि कामाला लागले.

पाहायचे कसे

चाचांनी आधी कान दिला. इंजिन चालू ठेवून त्यांनी डिझेल थोडे वाढवले, कमी केले, बंद केले. मग म्हणाले, “मामू, इंजिनचा आवाज साफ आहे. धूरही बरा आहे. हे फाउंडेशन गेल्यासारखं वाटतंय. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नका, स्वतः बघा.”

फाउंडेशन हा आपल्या गॅरेजांतला शब्द. दुकानात त्यालाच इंजिन माउंटिंग म्हणतात. इंजिन गाडीच्या चेसीवर थेट बसवलेले नसते. मध्ये रबराचे ठोकळे असतात, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या चिकटवलेले. पुढे इंजिनाच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक आणि मागे गिअरपेटीखाली आडव्या पट्टीवर. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर उभे असते तेव्हा दर सेकंदाला २५ वेळा इंधन पेटते. म्हणजे सेकंदाला २५ ठोके. हे ठोके माणसांपर्यंत, काचांपर्यंत, पत्र्यापर्यंत पोचू न देणे हे त्या रबराचे काम. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात इंजिने चेसीला घट्ट आवळलेली असत आणि प्रवासी हाडे खिळखिळी होईपर्यंत हादरत. १९३१ साली अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोलून बसवण्याची पद्धत आणली आणि मग ती सगळीकडे पसरली.

तपासणी थंड इंजिनावर झाली. जीप सपाट जागी, चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, बॅटरीची एक वायर काढलेली. चाचांनी पोराच्या हातात बॅटरी दिली, म्हणजे उजेडाची, आणि मला खाली वाकायला सांगितले. काय पाहायचे ते त्यांनी एकेक करून दाखवले.

रबराला आडव्या चिरा पडल्या आहेत का. रबर लोखंडी पट्टीपासून सुटले आहे का. वरून अखंड दिसते, पण पहारीने हलकेच उचलले की मध्ये फट उघडते. रबर फुगून मऊ, चिकट झाले आहे का; तसे असेल तर वरून कुठून तरी ऑइल किंवा डिझेल गळते आहे. रबर वाळून दगड झाले आहे का; ती उष्णतेची आणि वयाची खूण. बोल्टच्या भोवती तांबूस, बारीक भुकटी दिसते का. म्हणजे तिथे लोखंड लोखंडाला घासते आहे. बोल्टचे भोक लांबट झाले आहे का. आणि ज्या कोनाड्यावर फाउंडेशन बसते त्या चेसीच्या ब्रॅकेटला तडा गेला आहे का. हा शेवटचा भाग बहुतेक जण पाहत नाहीत. नवे रबर तुटक्या ब्रॅकेटवर बसवणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे.

डावीकडचे, म्हणजे क्लीनर साइडचे फाउंडेशन पट्टीपासून पुरते सुटले होते. उजवीकडचे ऑइल पिऊन फुगले होते. मागचे दबून चपटे झाले होते.

मग चालू गाडीवरची चाचणी. मामू सीटवर, ब्रेक पूर्ण दाबलेला, हँडब्रेक ओढलेला. बॉनेट उघडे. चाचांनी सगळ्यांना गाडीच्या पुढून हटवून बाजूला उभे केले. चाचणी घेताना गाडीसमोर कोणी थांबायचे नाही, हा त्यांचा पक्का नियम. मामूंनी पहिला गिअर टाकून क्लच जेमतेम सोडला. इंजिनाचा डावा खांदा दोन बोटे वर उचलला गेला. रिव्हर्स टाकला तेव्हा ते खाली बसले आणि उजवी बाजू हलली. मामू खिडकीतून वाकून पाहत होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. आजार कोणता हे कळले की निम्मा धीर परत येतो, तसा.

डावेच आधी का तुटते

हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिन चाकांना एका दिशेने पिळते तेव्हा ते स्वतः उलट दिशेने पिळले जाते. विहिरीवर रहाट फिरवणाऱ्याचे पाय जसे मागे रेटले जातात तसे. पुढे जाताना बहुतेक जीपमध्ये हा पीळ डावी बाजू उचलतो आणि उजवी दाबतो. रबर दाब पुष्कळ सोसते, ताण कमी सोसते. म्हणून डावे आधी सुटते.

चारही चाकांच्या जीपमध्ये हा ताण अधिक. इंजिन, गिअरपेटी आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर पेटी हे सगळे एकमेकांना आवळून एकच गठ्ठा झालेले असते. त्यामुळे फाउंडेशनवर इंजिनाचा नुसता टॉर्क येत नाही. गिअरने वाढवलेला सगळा टॉर्क येतो. साधा हिशोब करू. इंजिनाचा पीळ १२ किलोग्रॅम-मीटर धरा. पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे चौपट होतो, लो रेंज लावली की आणखी अडीच पट. म्हणजे १२० किलोग्रॅम-मीटर. दोन फाउंडेशनमध्ये अर्धा मीटर अंतर असेल तर एका बाजूला २४० किलोंचा दाब आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच उचल. काही भाग मागचे रबर घेते, इंजिनाचे वजनही उचलीला विरोध करते. तरीही चिखलात रुतलेली जीप लो रेंजमध्ये झटके देऊन काढणाऱ्याने आपण त्या रबरावर काय लादतो आहोत हे लक्षात ठेवावे. डांबरी रस्त्यावर, काही गरज नसताना लो रेंज लावून धरू नये ते याचमुळे.

तुटलेले फाउंडेशन म्हणजे निव्वळ थरथर नव्हे. जुन्या जीपमध्ये ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत सळया असतात. इंजिन उचलले गेले की त्या सळया ओढल्या जातात आणि पाय न दाबता गाडी वेग घेऊ शकते. पंखा रेडिएटरच्या जाळीला घासतो. खड्ड्यात जोराने ब्रेक लागला तर इंजिन पुढे सरकून पंखा रेडिएटरमध्ये घुसतो. सायलेन्सरचा पाइप तुटतो, पाण्याचे होज चिरतात. अमेरिकेत १९७१ साली जनरल मोटर्सला शेव्हरोलेच्या सुमारे ६७ लाख गाड्या याच दोषासाठी परत बोलवाव्या लागल्या. डावे फाउंडेशन तुटून इंजिन उचलले जाई आणि ॲक्सिलरेटर अडकून राही. कंपनीने त्यावर इंजिनाला तारेचा दोर बांधून ते उचलले जाणार नाही अशी सोय केली. इतक्या मोठ्या कंपनीच्या लाखो गाड्या एका हातभर रबरापायी माघारी आल्या. मग शिंगणापूरच्या वळणावर, उजवीकडे दरी असताना ॲक्सिलरेटर स्वतःहून दाबला जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

बदलायचे कसे

मामूंनी विचारले, “तुटलेलं एकच बदललं तर?” चाचा म्हणाले, “चालेल. पण नवं रबर उंच राहील, जुनं दबलेलं. इंजिन तिरकं बसेल आणि सगळा भार नव्यावर येईल. तिन्ही बदलू. आणि आधी गळती बंद करू, नाहीतर नवं रबरही सहा महिन्यांत फुगेल.” रबराचा चीक केरळच्या झाडांतून येतो, लोखंडाला चिकटून वर्षानुवर्षे झोके घेतो, पण ऑइल आणि डिझेल यांच्यापुढे तो टिकत नाही. टॅपेट कव्हरचे पॅकिंग फाटले होते. ते आधी बदलले.

नवे भाग आणले तेव्हा चाचांनी ते जुन्यांशेजारी ठेवून उंची, भोकांमधले अंतर आणि बोल्टचे आटे जुळवून पाहिले. नखाने रबर दाबून पाहिले. दुकानात वर्षानुवर्षे उन्हात टांगलेले रबर नवे असूनही म्हातारे असते.

मग पंख्याभोवतीचे कव्हर सैल केले, सायलेन्सरचा क्लॅम्प, ॲक्सिलरेटरची सळई आणि क्लचची जोडणी मोकळी केली, म्हणजे इंजिन उचलताना काही ओढले जाऊ नये. वरून चैनकुप्पी लावली. चेंबरखाली, म्हणजे ऑइलच्या पेटीखाली, सरळ जॅक लावला तर पत्रा आत दबतो आणि ऑइल ओढणारी जाळी बंद होऊ शकते. जॅक लावायचाच तर वर जाड, रुंद लाकडी फळी हवी. इंजिन दीड-दोन इंचच उचलले. एका वेळी एकच बाजू मोकळी. पोरगा फट पाहायला बोट घालू लागला तेव्हा चाचांनी त्याचा हात धरला. “लोंबकळत्या इंजिनखाली हात घालायचा नाही. चैन विसरते, बोट विसरत नाही.”

सगळे बोल्ट आधी हातानेच लावले. मागचेही. मग इंजिन हळूहळू खाली सोडून त्याचे वजन रबरावर येऊ दिले, जीप पुढे-मागे हलवली, इंजिन मिनिटभर चालू करून बंद केले. रबर आपली जागा घेऊन बसले. त्यानंतरच पाना लावून आवळले. “आधी आवळलं तर रबर पिळलेलं राहतं,” चाचा म्हणाले. स्प्रिंग वायसर नवे घातले. रबराला ग्रीस किंवा ऑइल लावू दिले नाही. शेवटी पंखा हाताने पूर्ण फिरवून चारही बाजूंनी रेडिएटरपासूनचे अंतर पाहिले, सळई अडकत नाही ना ते पाहिले, गिअरचा दांडा मध्ये आहे ना ते पाहिले.

कामाच्या मधोमध जुहरची अजान झाली. चाचा चैन घट्ट बांधून, गाडीखालून सगळ्यांना बाहेर काढून नमाजला गेले. परत येईपर्यंत पोरगा लिंबाखाली भाकरी खात बसला होता, पण त्याची नजर चैनवर होती. मला वाटते, त्याचे शिक्षण असेच चालले होते.

एक गोष्ट चाचांनी शेजारच्या शेडकडे बोट दाखवून सांगितली. काही जण टायरचा तुकडा किंवा कारखान्यातल्या पट्ट्याचे रबर कापून फाउंडेशनच्या जागी ठोकतात. दोन दिवस गाडी शांत वाटते. पण त्या तुकड्याला लोखंडाशी धरून ठेवणारे काही नसते. तो दाब सोसतो, उचल सोसत नाही. आणि उचल हीच तर खरी अडचण.

संध्याकाळी मजुरी ठरली ती इंजिन उघडण्याच्या सांगितलेल्या आकड्यापुढे अगदी किरकोळ होती. मामूंनी जास्त द्यायला हात पुढे केला तर चाचांनी कामाचे तेवढेच ठेवून बाकीचे परत केले. “इंजिन उघडलं असतं तर माझी कमाई झाली असती,” ते हसून म्हणाले, “पण गाडी म्हणजे लोकांची अमानत. ज्याला त्यातलं कळत नाही त्याला खोटं सांगणं सगळ्यात सोपं. म्हणूनच सांगायचं नाही.”

घरच्यांनी काय करावे

फाउंडेशन स्वतः बदलण्याचे काम प्रत्येकाने करावे असे मी सुचवत नाही. पण पाहण्याचे काम घरातल्या कोणालाही जमेल. गाडी उभी असताना नेहमीपेक्षा जास्त थरथरते का, चालू-बंद करताना धप्प आवाज येतो का, चढावर गिअरचा दांडा सरकतो का, या तीन गोष्टी शेजारी बसलेल्या माणसालाही कळतात. बहुधा घरातल्या बायकांना त्या आधी कळतात, कारण ड्रायव्हरला थरथर अंगवळणी पडलेली असते. मामींनी दोन महिने आधी सांगितले होते की बाकावर बसवत नाही. ते गुडघ्याचे दुखणे समजून सोडून दिले गेले. ही चूक पुष्कळ घरांत होते.

कोणी ‘इंजिन गेले’ म्हणाले तर आधी फाउंडेशन दाखवा म्हणावे. पुढे-मागे गिअर टाकून इंजिन किती उचलते ते बाजूला उभे राहून पाहावे. तुटलेला भाग बदलल्यावर मागून घ्यावा आणि घरी मुलांना दाखवावा. काळा, चिरलेला, हातात मावणारा तो ठोकळा पाहिला की इतका भार इतकी वर्षे कोण सोसत होते ते त्यांना समजेल. यात्रेला, लग्नाला, लांबच्या प्रवासाला निघण्याआधी हवा, ब्रेक आणि पाणी पाहतो तसे फाउंडेशनही पाहावे, विशेषतः वाटेत घाट असेल तर.

लग्नाला जाताना मामूंची जीप शिंगणापूरचा घाट चढली तेव्हा मागच्या बाकावरची मुले झोपून गेली होती. वर पोचल्यावर मालोजीराजांच्या तलावाजवळ आम्ही थांबलो, डबा सोडला. मामूंनी बॉनेट उघडले, पंखा आणि रेडिएटरमधले अंतर एकदा बोटाने मोजले, पान्याने डावीकडचा बोल्ट तपासला. चाचांनी सांगितले होते की पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यायचे, कारण नवे रबर बसते तसे थोडे दबते आणि बोल्ट सैल होतो. त्यासाठी पैसे पडणार नाहीत, फक्त यायचे. मामूंनी घरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशोबाच्या शेजारी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवला आहे.